तिसऱ्या मजल्यावरची ओ

निकालाच्या दिवशी शाळा आठला भरली आणि साडेदहाला ओस पडली. प्रगतिपुस्तकं वाटून झाली, रडणारे रडून झाले, उड्या मारणारे जिन्यावरून उड्या मारतच गेले, आणि हां हां म्हणता तीन मजल्यांची इमारत रिकाम्या डब्यासारखी वाजायला लागली. शिक्षकखोलीत मात्र अजून गलका होता. कुणी डोंगरात जाणार होतं, कुणी समुद्राकाठी, कुणाच्या मुलीचं बाळंतपण होतं, कुणाला घराला रंग द्यायचा होता. चित्रकलेचे सर तर घरूनच प्रवासाचे बूट घालून आले होते.

"बाई, तुमचा काय बेत सुट्टीत?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

"आता काय, तुम्ही मोकळ्याच..." असं म्हणून विज्ञानाच्या बाईंनी जीभ चावली. मोकळ्या म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. जो तो आपापल्या पिशवीत काहीतरी शोधू लागला. शेवटी बाईंनीच "अहो, कपाटांच्या किल्ल्या जमा केल्याशिवाय कुणी हलायचं नाही हं" असं म्हणून त्यांची सुटका केली.

या बाई म्हणजे शाळेच्या पर्यवेक्षिका. एकतीस वर्षं याच शाळेत. त्यातली एकोणीस शिकवण्यात गेली आणि बारा पर्यवेक्षणात. पर्यवेक्षण म्हणजे काय, तर आज कोण आलं नाही, त्याच्या तासावर कुणाला पाठवायचं, कुठल्या बाकाचा खिळा वर आलाय, कुठला नळ गळतोय, कुठल्या वर्गात जास्तच शांतता आहे म्हणजे तिथे काय शिजतंय, हे सगळं बघत दिवसभर जिने चढायचे आणि उतरायचे. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'शूबाई'. ओठांवर बोट ठेवून त्या 'शूऽऽ' म्हणाल्या की सत्तर मुलांचा वर्ग चिडीचूप व्हायचा. बाईंना हे नाव ठाऊक होतं. एका बाकावर कर्कटकानं कोरलेलं त्यांनी स्वतः वाचलं होतं, आणि निदान 'शू'ला दीर्घ उकार दिलाय म्हणून कोरणाऱ्याला मनातल्या मनात शाबासकीही दिली होती.

बाईंचं लग्न झालं नाही. का झालं नाही ही गोष्ट फार रंजक नाही. एकदा वडील आजारी होते, एकदा भावाचं शिक्षण चालू होतं, आणि मग विचारणारेच थांबले. घरात त्या आणि आई. आई सात वर्षं पलंगाला खिळलेली, पण जिभेला धार. बाई संध्याकाळी घरात शिरल्या की पलंगावरून प्रश्न यायचा, "आलीस का सासरहून? सासू काय म्हणतेय?" सासू म्हणजे मुख्याध्यापक. मग बाई चपला काढता काढता सासूच्या कागाळ्या सांगायच्या आणि आई खोकला येईपर्यंत हसायची. मधल्या सुट्टीतही बाई लगबगीनं घरी जायच्या, आईला चार घास भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि पस्तिसाव्या मिनिटाला शाळेच्या फाटकात हजर. सात वर्षांत एकदाही घंटा चुकली नाही.

घंटा वाजवायचे ते टोलेमामा. शाळेचे सगळ्यात जुने शिपाई. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच नव्हतं. टोल देतात म्हणून टोलेमामा. लोखंडी रुळाच्या तुकड्यावर ते असा टोल द्यायचे की तो ऐकून शेजारच्या गल्लीतल्या बायका कुकर लावायच्या. रोज साडेअकराला ते बाईंच्या टेबलावर चहा ठेवायचे आणि दाराशी उभे राहून शाळेची खबरबात सांगायचे. कुठल्या सरांचं कुणाशी बिनसलंय, तळमजल्याच्या नळाला कुणी रुमाल कोंबला, दहावीतला कोण सध्या भांग पाडून येतो. बाई वर न बघता "हं, हं" करायच्या, पण ऐकायच्या सगळं.

आता निकालाच्या आधी, त्याच वर्षी, काय झालं ते सांगितलं पाहिजे.

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. शनिवार, अर्धी शाळा. शाळा सुटली की बाईंनी तळापासून वरपर्यंत प्रत्येक खोलीत डोकावून यायचं, नोंदवहीत 'सर्व खोल्या तपासल्या' याखाली सही करायची आणि मगच मामांनी कुलूपं लावायची, असा नियम. नियम बाईंनीच केलेला. त्या दिवशी त्या तळापासून चढत दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आल्या आणि फोन वाजला. शेजारीण होती.

"आई न्हाणीघराच्या दारात पडल्यात. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाहीयेत. लवकर या."

पलंगाला खिळलेली आई न्हाणीघरापर्यंत कशी गेली, का गेली, हे कधी कळलं नाही.  वर तिसऱ्या मजल्यावर फक्त ग्रंथालय आणि प्रयोगशाळा. त्यांनी वळणावरूनच मान वर करून हाक दिली, "वर कुणी आहे का?" उत्तर आलं नाही. निदान त्यांना ऐकू आलं नाही. त्या धावत खाली आल्या. मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते.

"मामा, वरचं झालंय. लावा कुलूपं."

नोंदवहीत सही केली आणि बाई गेल्या.

ग्रंथालयात शेवटच्या कपाटाआड सहावीतली एक मुलगी वाचत बसली होती.

मुलीची आई चारच्या सुमारास रडत मामांच्या घरी गेली. मामा तसेच किल्ल्या घेऊन धावले. मुलगी सापडली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण साडेचार तास ती एकटी आत होती. सोमवारी पालक जमा झाले, संस्थेची माणसं आली, चौकशी बसली. त्या वेळी बाई दवाखान्यात आईच्या उशाशी होत्या. मंगळवारी पहाटे आई गेली. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

अकरा दिवसांनी बाई शाळेत आल्या तेव्हा साडेअकराचा चहा आला नाही. चौकशी केली तर कळलं, मामांची बदली झालीय. गावाच्या दुसऱ्या टोकाला संस्थेची एक इमारत होती, तिथे फाटकावर. मामांनी चौकशीत सांगितलं होतं, "चूक माझी. वरचा मजला बाईंनी मला बघायला सांगून सही केली होती, मी वर गेलो आणि न बघताच कुलूप घातलं." सेवापुस्तकात लाल शाईनं 'कर्तव्यात गंभीर कसूर' असा शेरा पडला होता.

बाई उठल्या, मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेल्या. आत कुणीतरी बसलं होतं. त्या परत फिरल्या. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या डोकं दुखत होतं. परवा कुणीतरी आईबद्दल दोन शब्द बोललं आणि बाई विषय बदलून वर्गांवर निघून गेल्या. मग चाचणी परीक्षा आली, मग सहामाही. उद्याला उद्या जोडत जोडत बाईंनी आठ महिने काढले. दिवस गेले तसं सांगणं सोपं व्हायच्याऐवजी अवघड होत गेलं, कारण आता न सांगितलेल्या दिवसांचाही हिशेब द्यावा लागणार होता.

ते आठ महिने बाईंनी कसे काढले हे कुणाला दिसलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की अजून त्यांचा हात पर्सकडे जायचा. मग आठवायचं आणि हात परत टेबलावर. मामांच्या जागी आलेला नवा शिपाई कानात गाणी अडकवून असायचा. चहा ठेवायचा आणि जायचा. लोखंडी रुळाच्या जागी विजेची घंटा आली होती. ती वेळेवर वाजायची, पण कोंबडीची मान मुरगळावी तशी वाजायची. संध्याकाळी घरी जायला बाईंना काही कारण नसायचं. त्या उगीचच वह्यांचे गठ्ठे पुन्हा बांधत बसायच्या. घरी गेल्यावर कुलूप उघडताना किल्लीचा आवाज इतका मोठा यायचा की त्या हळूच उघडायच्या, जसं काही आत कुणी झोपलंय. धाकटा भाऊ दुसऱ्या देशात. रविवारी फोन करायचा, तोही गाडी चालवता चालवता.

"ताई, जेवतेस ना वेळेवर? सुट्टीत ये ना इकडे. थांब हं, सिग्नल सुटला."

आणि म्हणून सगळे ज्या सुट्टीची वाट बघत होते, त्या सुट्टीची बाईंना धास्ती वाटत होती. आजवरच्या सुट्ट्या आईच्या उशा-गाद्या उन्हात घालण्यात, तिच्या पाठीला तेल लावण्यात, तिचे तेच तेच किस्से ऐकण्यात कशा गेल्या ते कळलंही नव्हतं. आता सहा आठवडे. बेचाळीस दिवस. कॅलेंडरावर त्यांनी ते मोजले होते आणि मग कॅलेंडर उलटं करून ठेवलं होतं.

निकालाच्या त्या दिवशी शिक्षकखोली रिकामी झाल्यावर बाई आपल्या टेबलाशी बसल्या. समोर गोपनीय अहवालांचा गठ्ठा. वर्षाअखेर प्रत्येक कर्मचाऱ्याबद्दल त्यांनी लिहायचं, मुख्याध्यापकांनी सही करायची आणि संस्थेकडे जायचं. मामा पहिले दोन महिने याच शाळेत असल्यामुळे त्यांचाही कागद गठ्ठ्यात होता. नववा रकाना: 'वर्षभरात कर्तव्यात कसूर झाली काय? असल्यास तपशील.' बाई आठवडाभर तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी घालत होत्या. वरचे संपत गेले आणि तो आपोआप वर आला.

"बाई, आत येऊ?"

दारात ती मुलगी उभी होती. आता सातवीत गेलेली. हातात प्रगतिपुस्तक आणि कापडाची पिशवी. आठ महिने बाईंनी तिला टाळलं होतं. कॉरिडॉरमध्ये समोरून आली की त्या फळ्यावरच्या सूचना वाचायच्या.

"ये. कितवी आलीस?"

"नववी. बाई, टोलेमामा कुठे असतात आता?"

"का गं?"

तिनं पिशवीतून इस्त्री केलेला खाकी सदरा काढला आणि टेबलावर ठेवला. "हा त्यांचा आहे. आईला कपाट आवरताना सापडला. त्यांना द्याल?"

"त्यांचा सदरा तुझ्याकडे कसा?"

मुलगी खाली बघायला लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी ना... मला खूप वेळ जायचं होतं. दार बंद होतं. मग माझा फ्रॉक..." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मामांनी दार उघडलं आणि त्यांना कळलं. त्यांनी सदरा काढून माझ्या कमरेला बांधला आणि मागच्या जिन्यानं नेलं. फाटकाशी सगळे उभे होते ना. ते म्हणाले, तू कुणाला सांगू नकोस, मी पण नाही सांगणार. ते बनियनवरच होते."

बाईंनी सदऱ्यावर हात ठेवला.  मग त्यांनी विचारलंच.

"तू हाक का नाही मारलीस बाळा? जोरात ओरडायचंस."

"मी ओ दिली होती."

"कुणाला?"

"तुम्हाला. तुम्ही खालून विचारलंत ना, वर कुणी आहे का. तुमचा आवाज ओळखला मी. मी ओ दिली. पण हळू दिली." ती जरा घुटमळली. "ग्रंथालयात मोठ्यानं बोलायचं नसतं ना. ओरडले असते तर तुमचा ओरडा बसला असता."

खाली फाटकाशी तिची आई उभी होती, तिनं हाक मारली. मुलगी "जाते बाई" म्हणून पळाली. बाई म्हणाल्या, "थांब जरा," पण ती जिन्यावर पोचली होती. बाई उठल्या आणि कठड्यापर्यंत गेल्या. एकतीस वर्षांत कधी ओरडल्या नव्हत्या अशा त्या मोठ्यानं ओरडल्या, "अगं, ऐक! चूक माझी होती. माझी! तुझ्या आईला सांग!"

मुलगी खालच्या पायरीवर थांबली. तिनं वर बघितलं, काय करावं ते न कळून मान डोलावली आणि गेली. तिला ते आधीपासूनच ठाऊक होतं की नाही, हे बाईंना तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मुख्याध्यापक खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते. या महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी बाईंच्या नावाचा प्रस्ताव त्यांनीच संस्थेकडे पाठवला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. न चढलेला तिसरा मजला, सही, फोन, आणि नंतरचे आठ महिने.

सरांनी हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

"बाई, बसा आधी. झालं ते झालं. मुलगी सुखरूप आहे, प्रकरण मिटलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे सर, पण त्यात हात मामांचा अडकलाय."

"मामांनी स्वतः लिहून दिलंय. त्यांना कुणी गळ घातली नव्हती."

"त्यांनी खोटं लिहून दिलं. ते मला माहीत होतं आणि मी मूग गिळून बसले."

"आणि तुम्ही हे लिहिलंत तर पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बैठकीत काय होईल ते माहीत आहे? एकतीस वर्षं पाण्यात." सर आता जरा चिडले होते. "त्या दिवशी तुमची आई मरत होती, बाई. कुणीही हेच केलं असतं."

"फेरी सोडून जाणं कुणीही केलं असतं," बाई म्हणाल्या. "पण आठ महिने गप्प बसणं माझं एकटीचं आहे."

सरांनी चष्मा पुसला. "लिहा मग. मी सही करतो. पण मला हे बरं वाटलं असं समजू नका."

बाईंनी नवव्या रकान्यात लिहिलं, 'नाही.' आणि सोबत दोन पानांचं पत्र जोडलं. अक्षर नेहमीसारखंच, एकही खाडाखोड नाही. सरांनी सही केली आणि कागद परत दिले.

संध्याकाळी बाई सदरा घेऊन मामांच्या घरी गेल्या. शाळेमागच्याच गल्लीत घर, पण एकतीस वर्षांत त्या कधी गेल्या नव्हत्या. विचारत विचारत जावं लागलं. दोन खोल्या, दारात सायकल. मामांच्या बायकोनं दार उघडलं आणि बाईंना बघून पदराला हात पुसले. बसा म्हणाली, पण आवाजात बस म्हणणं नव्हतं. मामा आतून आले. आठ महिन्यांत केस सगळे पांढरे झाले होते, का आधीच होते आणि बाईंनी कधी पाहिले नव्हते, कोण जाणे.

बाईंनी पिशवीतून सदरा काढला. बायकोनं तो उलगडून पाहिला आणि नवऱ्याकडे वळली.

"हा तर हरवला होता ना? गणवेश हरवला म्हणून तुम्हाला आणखी एक मेमो मिळाला त्याचा!"

"हरवलाच होता," मामा म्हणाले. "आता सापडला."

"मामा, मुलीनं मला सांगितलं."

"सांगितलं का? मी तर तिला नको म्हणालो होतो." मामा स्टुलावर बसले. बाईंनी सगळं सांगितलं, पत्राचंही. मामांनी मध्ये एकदाही 'हं' केलं नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही असं का केलंत मामा? माझं नाव का नाही घेतलंत?"

"चौकशीला बोलावलं तेव्हा मंगळवार होता. पहाटेच कळलं होतं, तुमच्या आई गेल्या. त्या दिवशी तुमचं नाव कसं घेणार? म्हटलं, बाई येतील दहा-बारा दिवसांनी, जरा सावरतील आणि सांगतील. तेवढे दिवस आपण धरून ठेवू." त्यांनी दारातल्या सायकलकडे पाहिलं. "आणि माझीही चूक होतीच की. दार ओढताना मीही आत डोकावलो नाही. गाणं म्हणत होतो. मोठ्यानं."

"मी सांगायला हवं होतं."

"हो," मामा म्हणाले. बाईंना वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या. ते म्हणाले नाहीत. "पहिले पंधरा दिवस मी रोज वाट बघितली. फाटकाशी कुणी सायकलवरून आलं की वाटायचं, शाळेतून बोलावणं आलं. पंधरा दिवसांनी वाट बघणं सोडलं. राग कसला आला सांगू? बदलीचा नाही. तिथं दिवसभर बोलायला कुणी नाही. नुसतं फाटक उघडायचं, फाटक लावायचं. सव्वीस वर्षं माझ्या टोलावर शाळा भरली आणि सुटली, बाई. तिथं गाड्या येतात आणि जातात."

"मला क्षमा करा मामा."

 त्यांची बायको आत गेली, तिनं भांडं जरा जोरातच आपटलं, आणि पाण्याचा पेला आणून बाईंपुढे ठेवला. बाई पाणी प्यायल्या. निघताना मामा दारापर्यंत आले.

"आईंचं वाईट झालं," ते म्हणाले. "तेव्हा भेटायला यायचं होतं. पण मग तुम्हाला अवघड झालं असतं."

बाई चालत घरी गेल्या. रस्ता नेहमीचाच, पण त्या दोनदा चुकीच्या गल्लीत वळल्या. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यालाही सांगितलं. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

"ताई, एवढं सगळं झालं आणि तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू गाडी चालवत होतास रे," बाई म्हणाल्या.

भावानं गाडी बाजूला घेतली असावी, कारण रस्त्याचा आवाज थांबला. पण मग हवापाण्याचं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेची दोन पत्रं आली. मामांवरचा शेरा रद्द करून त्यांना मूळ शाळेत परत घेतलं होतं. बाईंना लेखी समज दिली होती, आणि मुख्याध्यापकपदावर दुसऱ्या शाखेतल्या एका सरांची नेमणूक केली होती. वयानं ते बाईंहून अकरा वर्षांनी लहान. बाईंनी पत्र दारातच उभ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून त्या आईच्या खोलीत गेल्या. गादी केव्हाच गुंडाळलेली.

"सासूबाई व्हायचं राहिलं गं," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि हसू येईल म्हणून थांबल्या. आलं नाही. मग तिथेच पलंगाच्या लाकडी फळीवर बसून त्या रडल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या शाळेत गेल्या. सुट्टीत पर्यवेक्षिकेनं यायलाच हवं असं नाही, पण पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करायचं होतं. नवे मुख्याध्यापक रुजू व्हायला अवकाश होता, नवा शिपाई रजेवर होता. पहिल्या मजल्यावर खिडकीशी बसून त्या मोठ्या कागदावर पट्टीनं रेघा मारत. अठ्ठावीस शिक्षक, चोवीस तुकड्या, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. एक तास हलवला की सतरा हलतात. दिवसभर त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. कधी कधी एखाद्या चौकटीला त्या "बस इथे" म्हणत, तेवढंच.

सोमवारी सकाळी खाली सायकल लावल्याचा आवाज आला. मामा रुजू झाले होते. त्यांनी वर येऊन हजेरीपटावर सही केली, "नमस्कार बाई" म्हणाले आणि खाली गेले. दाराशी थांबले नाहीत. बाईंनी हाक मारली नाही. मारायचा हक्क आहे असं त्यांना वाटलं नाही.

तीन दिवस असेच गेले. इमारतीत दोनच माणसं. एक पहिल्या मजल्यावर रेघा मारतंय, एक तळमजल्यावर बाकांचे खिळे ठोकतंय. बाईंना खालचे हातोडीचे घाव ऐकू यायचे. मध्येच थांबले की त्या पट्टी हातात धरून पुन्हा सुरू व्हायची वाट बघायच्या. दुपारी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर मामा अंगणात त्या जुन्या रुळाच्या तुकड्यावरचा गंज वाळूनं घासून काढत होते. विजेची घंटा भिंतीवर होतीच. तरी ते घासत होते.

गुरुवारी साडेअकराला, पूर्वीच्या चहाच्या वेळी, जिन्यात पावलं वाजली. मामा दारात आले. हात वाळूनं भरलेले होते.

"वरच्या टाकीत पाणी नाही," ते म्हणाले. "मोटर लावू का?"

"लावा," बाई म्हणाल्या.

मामा गेले. थोड्या वेळानं मोटर घरघरली आणि भिंतीतल्या नळातून पाणी वर चढू लागलं. बाईंनी शुक्रवारचा तिसरा तास खोडला आणि गणिताच्या सरांना सोमवारी हलवलं.